गळका बंब : घरातल्या गरम पाण्याचा दुर्लक्षित इतिहास

दिवाळीच्या पहाटेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. उटणे, सुगंधी तेल, रांगोळी, फराळ यांपैकी कशावरही लेख सापडतो. अभ्यंगस्नानाचे पाणी ज्यात तापते त्या भांड्याच्या वाट्याला मात्र एखादे वाक्य आले तर आले. याचे कारण सरळ आहे. पाणी तापवण्याचे साधन नीट चालते तोवर ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ते गळू लागले म्हणजे मग घरातला प्रत्येक जण त्याच्याभोवती जमतो, खाली बादली लावतो, आणि आता कोणाला बोलवायचे याची चर्चा सुरू होते.

या लेखात घरगुती बॉयलरचा इतिहास मी या गळतीच्या बाजूने मांडणार आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध कोणी लावला, कधी लावला याची नोंद होते; वस्तू बिघडली की लोक काय करत, याची क्वचित होते. पण वस्तू आणि माणूस यांचा खरा संबंध बिघाडाच्या वेळीच दिसतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : उघडे भांडे गळले की ते लगेच कळे आणि गल्लीतल्या कारागिराकडून दुरुस्त होई. पुढे भांडे बंद झाले, तशी गळतीही लपली. लपलेल्या गळतीने माणसे दगावू लागली, तेव्हा ती पुन्हा मुद्दाम दिसती करावी लागली.

बंबाचे कूळ

आपल्याकडचा घरगुती बॉयलर म्हणजे तांब्याचा बंब. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप यावरून आला असे सामान्यतः मानले जाते. आग विझवणाऱ्या गाडीला आपण 'आगीचा बंब' म्हणतो ते याच अर्थाने. न्हाणीघरातला बंब पाणी उपसत नाही, तरी पाण्याने भरलेले धातूचे पिंप आणि त्याची तोटी एवढ्या साम्यावर नाव चिकटले असावे. एकच शब्द आग विझवणाऱ्या आणि आग पोटात घेणाऱ्या अशा दोन्ही वस्तूंना लागला, ही भाषेची गंमत.

बंबाची रचना साधी आहे. बाहेर उभे नळकांडे, त्याच्या मधोमध दुसरा अरुंद नळा. आतल्या नळ्यात खाली जाळी आणि जाळीवर विस्तव, दोन्ही नळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी, तळाशी राख पडायला जागा, अंगाला तोटी. विस्तव चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला असल्यामुळे उष्णता वाया कमी जाते. म्हणूनच करवंट्या, चिपाडे, गोवरीचे तुकडे अशा किरकोळ जळणावर बंब तापतो. त्याच्या तोंडात मावेल अशा बारीक फोडलेल्या लाकडांना 'बंबफोड' असे खास नाव होते आणि वखारीत ती त्याच नावाने मागितली जात.

ही रचना एकट्या महाराष्ट्राची नाही. रशियातला सामोवार याच तत्त्वावर चालतो. तुला या गावी लिसित्सिन बंधूंनी १७७८ मध्ये सामोवारचा कारखाना काढला आणि ते गाव त्यासाठी प्रसिद्ध झाले. काश्मीरचा समावार त्याच घराण्यातला. त्याच्याही फार पूर्वी, इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या उत्खननात आत निखारे ठेवून भोवतीचे पाणी तापवण्याची कांस्याची भांडी मिळाली आहेत. पोटात विस्तव ठेवून अंगाभोवती पाणी खेळवायचे, ही युक्ती अनेक ठिकाणच्या कारागिरांना सुचली आणि पटली.

गळती कुठून आणि का

जुन्या बाजारात बंब दिसला तर तो उलटा करून पाहावा. तळाशी आणि आतल्या नळ्याच्या बुडाशी राखाडी रंगाचे ठिपके किंवा पट्टे दिसतील. ते 'डाग'. भांड्याला डाग देणे म्हणजे झाळून भोक बुजवणे. वापरलेला बंब आणि त्यावर एकही डाग नाही, असे कमी आढळते.

बंब गळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पाणी भरण्याआधी, किंवा पाणी संपल्यानंतरही, आत असलेला विस्तव. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. घरगुती जळणाने तो बहुधा वितळत नाही, पण त्याचे जोड वितळतात. नवा बंब घडवताना तांबट पत्र्याच्या कडांना दाते कापून ते एकमेकांत बसवत, त्यावर टाकणखार आणि पितळेचा चुरा घालून भट्टीत जोड पक्का करत. हा जोड नऊशे अंशांच्या आसपासची उष्णता सोसतो. नंतर दिलेला डाग मात्र बहुधा कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचा. कथील २३२ अंशांना वितळते. शिशाबरोबर योग्य प्रमाणात मिसळले तर मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होते.

भांड्यात पाणी असेपर्यंत ही १८३ अंशांची मर्यादा पुरेशी असते. एका बाजूने विस्तव आणि दुसऱ्या बाजूने पाणी असेल तर पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी उष्णता ओढून घेते. पाणी हटले की तोच पत्रा काही मिनिटांत कित्येक शे अंशांवर पोचतो, आणि डागाचे कथील मेणासारखे ओघळते. म्हणून 'आधी पाणी, मग विस्तव' आणि 'जेवढे गरम काढाल तेवढे गार ओता' हे दोन नियम घरातल्या लहान मुलालाही पाठ असत. रशियात सामोवारविषयी नेमका हाच धाक होता. डाग दिलेला बंब दुसऱ्यांदा कोरडा तापला तर पहिल्यांदा तीच जागा दगा देते, हेही यावरून कळते.

दुसरे कारण सावकाशीचे. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी जड. ते तापले की त्यातला चुना वेगळा होऊन आतल्या नळ्यावर पांढऱ्या पापुद्र्यासारखा बसतो. पापुद्रा जाड झाला की विस्तवाची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, पत्रा जास्त तापतो आणि जोडांवर ताण येतो.

बंबाची गळती ओळखायला तज्ज्ञ लागत नसे. बाहेरचा जोड सुटला तर फरशीवर ओल दिसे. आतला नळा झिरपू लागला तर राख ओली होई, विस्तव चरचरे, धूर होई आणि शेवटी विझे. म्हणजे बिघडलेला बंब स्वतःच आपली आग विझवत असे. शिवाय झाकण नुसते ठेवलेले, त्यामुळे वाफ कोंडण्याचा प्रश्न नव्हता. बंबाने भाजल्याचे, चटका बसल्याचे प्रसंग घडत. पण त्याचा स्फोट होण्याजोगी त्याची रचनाच नव्हती.

तात्पुरते उपाय घरातच होत. बारीक भोकात ओला साबण दाबायचा, चिंधीला मेण लावून ती तोटीच्या बुडाशी गुंडाळायची. अलीकडच्या पिढीने हेच काम एम-सीलच्या गोळ्यांनी केले. इंग्लंडात वाफेच्या इंजिनांच्या सुरुवातीच्या काळात गळक्या बॉयलरमध्ये कोंडा किंवा घोड्याची लीद टाकत, म्हणजे ती पाण्याबरोबर वाहत जाऊन भेगेत अडकेल. कारखाना असो की न्हाणीघर, पहिली तऱ्हा सारखीच.

तांबट आळीतले काम

साबण आणि मेण दोन दिवस पुरे. मग बंब तांबटाकडे जाई. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी या कामाचे मोठे केंद्र. येथले त्वष्टा कासार पेशवाईच्या काळात कोकणातून आले असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ मध्ये निघाला. त्यात तांब्यापितळेच्या कामाला शहराच्या प्रमुख धंद्यांत स्थान दिले आहे.

या आळीची ओळख म्हणजे मठारकाम. भांड्याच्या पृष्ठभागावर हातोडीने ओळीत टिचके मारत जायचे. त्यामुळे येणारी नक्षी आज सजावट म्हणून विकली जाते. मूळ हेतू पत्रा घट्ट करण्याचा होता. तांबे ठोकल्याने कडक होते आणि तापवल्याने पुन्हा नरम पडते. पातळ पत्र्याच्या बंबाला पाण्याचा भार सोसण्याची ताकद या टिचक्यांनी येई. डाग देण्यासाठी तापवलेला भाग नरम पडतो, म्हणून मुरलेला कारागीर डाग दिल्यावर आजूबाजूला पुन्हा ठोकाठोक करी.

दुरुस्तीचा हा व्यवहार एका गोष्टीवर उभा होता : तांबे महाग आणि मजुरी स्वस्त. बंब अगदीच गेला तरी मोडीत तांब्याचा भाव येई. त्यामुळे बंब टाकून देण्याची कल्पनाच नव्हती. तो आजोबांकडून नातवाकडे येई, आणि त्याच्यावरचे डाग ही त्याची जणू जन्मपत्रिका असे.

भांडे बंद झाले

बंद भांड्यात पाणी तापवण्याची गोष्ट वेगळी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने लंडनमध्ये १६७९ मध्ये झाकण घट्ट आवळलेले भांडे करून दाखवले. त्यात हाडेसुद्धा मऊ शिजत. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना या भांड्यातले जेवण वाढले गेले आणि जॉन इव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. पापँच्या लगेच लक्षात आले की असे भांडे फुटू शकते. म्हणून त्याने झाकणाला छोटे भोक ठेवून त्यावर वजन टांगलेल्या दांडीने झडप दाबून धरली. आतला दाब वाढला की झडप उचलली जाई आणि वाफ बाहेर पडे. आपल्या प्रेशर कुकरच्या शिट्टीचा हा पूर्वज. घट्ट भांड्याला मुद्दाम गळायची एक जागा करून देणे, हा त्या शोधाचा अर्थ.

घरांनी हा धडा उशिरा घेतला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांत स्वयंपाकाच्या शेगडीमागे लोखंडी बॉयलर बसवण्याची पद्धत पडली. त्यातून नळांवाटे घरभर गरम पाणी जाई. कडाक्याच्या थंडीत हे नळ गोठत, पाण्याची वाट दोन्हीकडून बंद होई, आणि सकाळी नेहमीप्रमाणे शेगडी पेटवली की बॉयलर फुटे. शेजारी उभी असलेली स्वयंपाकीण किंवा मोलकरीण त्यात सापडे. सुरक्षा-झडप तेव्हा दोनशे वर्षांची जुनी झाली होती, पण अशा पुष्कळ बॉयलरांना ती नव्हती.

कायद्याची नजर कुठे होती, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश पार्लमेंटने बॉयलर-स्फोटांच्या चौकशीचा कायदा १८८२ मध्ये केला, आणि केवळ घरगुती वापराचे बॉयलर त्यातून वगळले. हिंदुस्थानात १८६३ मध्ये कलकत्त्याला बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे मेली, तेव्हा १८६४ मध्ये बंगालने पहिला तपासणी कायदा केला. पुढे इतर प्रांतांनी आपापले कायदे केले. त्यांच्यातली विसंगती काढण्यासाठी १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला आणि तो २०२५ पर्यंत टिकला. त्याच्या व्याख्येत पाच गॅलनांहून मोठी, वाफ निर्माण करणारी बंद भांडीच येत. मुंबईच्या गिरणीतल्या बॉयलरला निरीक्षक होता. गिरणी कामगाराच्या खोलीतल्या बंबाला नव्हता, आणि उघड्या बंबाला त्याची गरजही नव्हती.

२००७ च्या दुरुस्तीने व्याख्या अधिक नेमकी केली. २५ लिटरहून कमी क्षमतेचे, चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमहून कमी दाबाचे, किंवा ज्यात पाणी शंभर अंशांच्या खाली तापते असे भांडे या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. घरातला मोठा गीझरही या तिसऱ्या सवलतीने सुटतो. अर्थात त्याचा थर्मोस्टॅट चालू असेपर्यंत. तो बंद पडला तर पाणी शंभराच्या पुढे जाते आणि दाबाखाली पातळच राहते. अशी टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि एका लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते.

गीझर आणि त्याचा बळीचा दांडा

लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने १८६८ मध्ये गॅसवर चालणारे न्हाणीघरातले यंत्र काढले आणि आइसलँडमधल्या उष्ण फवाऱ्यावरून त्याला 'गीझर' नाव दिले. हा शब्द आज खेड्यापाड्यांत रुळला आहे. मॉनच्या यंत्राला धूर बाहेर नेणारे नळकांडे नव्हते, त्यामुळे बंद खोलीत ते धोक्याचे होते. पिट्सबर्गमध्ये काम करणाऱ्या एडविन रूड या मूळच्या नॉर्वेच्या अभियंत्याने १८८९ मध्ये टाकीतले पाणी आपोआप तापते ठेवणारे यंत्र बनवले. आजच्या साठवणीच्या गीझरची वाट तिथून सुरू होते.

नव्या टाक्या बहुतेक पोलादाच्या. तांब्याइतके पोलाद गंजाला तोंड देत नाही, म्हणून टाकीला आतून काचेसारखा मुलामा देतात. मुलाम्याला बारीकशी भेग पडली तरी गंज तिथून शिरतो. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ टाक्यांत मॅग्नेशियमचा दांडा लावलेला असतो. पोलादाऐवजी तो दांडा झिजतो. या उपायाचे मूळ हंफ्री डेव्हीच्या १८२४ मधल्या प्रयोगांत आहे. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांना तळाशी तांब्याचा पत्रा मढवत आणि समुद्राचे पाणी तो खाऊन टाकी. डेव्हीने त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. पण तांबे झिजेनासे झाल्यावर त्याचा विषारी अंश पाण्यात उतरेना, आणि जहाजांच्या तळाला शिंपल्यांचे थर बसू लागले. आरमाराने तो उपाय सोडून दिला. गीझरच्या टाकीत शिंपल्यांची भीती नसल्याने तो तिथे टिकला.

हा दांडा काही वर्षांत संपतो. तो बदलायचा असतो हे माहीत नसल्याने पुष्कळ घरांत तो कधीच बदलला जात नाही. मग टाकी गंजते, आणि एके दिवशी भिंतीवर तांबूस ओघळ दिसतो. या गळतीला डाग देता येत नाही. मुलामा चढवलेली टाकी झाळायला गेले तर मुलामाच जातो. टाकी फेकावी लागते.

कोणती गळती चांगली

आजच्या गीझरखाली पाणी दिसले तर ते कुठून येते हा पहिला प्रश्न. वीज बंद करून आणि थंड पाण्याचा कॉक फिरवून मगच तो पाहावा. नळाच्या जोडातून थेंब येत असतील तर वायसर किंवा जोडनळी बदलून भागते. बाहेरच्या आवरणाच्या बुडातून, गंजाच्या रंगाचे पाणी येत असेल तर टाकी गेली. आणि पाणी तापत असतानाच सुरक्षा-झडपेच्या तोंडातून थेंब येत असतील, तर बहुधा ती आपले काम करते आहे.

याचे गणित सोपे आहे. पाणी २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापवले की ते सुमारे २.७ टक्के फुगते. २५ लिटरच्या टाकीत हा वाढावा पाऊण लिटरच्या जवळपास जातो. थंड पाण्याच्या नळीला एकमार्गी झडप असेल तर त्याला मागे जायला वाट नाही. त्याने सुरक्षा-झडपेतूनच बाहेर पडायचे. सतत धार लागली तर बाहेरच्या नळाचा दाब जास्त आहे किंवा झडप खराब झाली आहे, आणि कारागीर बोलवायला हवा. परंतु थेंब थांबावेत म्हणून झडपेच्या तोंडाला बूच ठोकण्याचा प्रकार घडतो, तेव्हा पापँच्या काळापासून शिकलेले सगळे एका बुचात वाया जाते. बंबाच्या भोकाला साबण लावणारे हात आणि झडपेला बूच ठोकणारे हात एकाच सवयीचे आहेत. पहिल्या वेळी ती सवय निरुपद्रवी होती, दुसऱ्या वेळी जीवघेणी ठरू शकते.

पाण्याखेरीज आणखी तीन गळत्या नव्या न्हाणीघरात आल्या. पहिली विजेची : तापणाऱ्या कॉइलचे आवरण फुटले की प्रवाह पाण्यात उतरतो. तो ओळखायला ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारे स्विच बसवतात. दुसरी गॅसची. स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास जवळजवळ नसतो. त्यात घाण वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन येथे १८ मार्च १९३७ रोजी वास नसलेला गॅस गळून शाळा उद्ध्वस्त झाली आणि सुमारे तीनशे जण, त्यांत बहुतांश मुले, मृत्युमुखी पडली. त्यानंतर गॅसला वास देणे तिथे सक्तीचे झाले. तिसरी गळती कार्बन मोनॉक्साइडची. गॅस गीझर बंद न्हाणीघरात चालला तर हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्यात वास मिसळण्याची सोयही नाही. तिथे उघडी खिडकी आणि बाहेर जाणारे नळकांडे एवढाच उपाय आहे, आणि मॉनच्या १८६८ च्या यंत्रात नेमकी तीच उणीव होती. बंद न्हाणीत निखाऱ्यांचा बंब पेटवणेही याच कारणाने धोक्याचे. जुने लोक तो अंगणात किंवा मागच्या पडवीत ठेवत, त्यात हा शहाणपणा होता.

तांबट आळीत आजही हातोडीचा आवाज येतो. तिथे घडणाऱ्या वस्तूंत दिवे, तबके, शोभेची भांडी यांचा वाटा मोठा झाला आहे, आणि जुना बंब घासूनपुसून दिवाणखान्यात छत्र्या ठेवायला वापरलेलाही दिसतो. गीझर दुरुस्त करणारा कारागीर त्या तांबटाचा वारस आहे, पण त्याच्या हातात झाळण्याची कांडी नाही, सुटे भाग बदलण्याचा पाना आहे. त्याच्या आणि घरातल्यांच्या मधली समजूतही तुटली आहे. बंबाच्या काळी बाईला माहीत असे की राख ओली झाली म्हणजे नळा गेला. तांबटाला सांगताना ती जागा दाखवून सांगे. आज आपण फोनवर 'गीझर गळतोय' एवढेच सांगतो. नवा गीझर बसवून झाला की कारागिराला दोन गोष्टी विचाराव्यात : हिची झडप कुठे आहे, आणि हिच्यात दांडा आहे का, असेल तर तो कधी बदलायचा. दोन्ही उत्तरे गीझरजवळच्या भिंतीवर पेन्सिलने तारखेसह लिहून ठेवावीत.